गोळी लिहिण्याआधी तपासा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री व आरोग्य सचिव, महाराष्ट्र राज्य,
महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचे पदाधिकारी,
आणि गावोगावी, गल्लोगल्ली दवाखाना चालवणारे सर्व डॉक्टर



‘अंगावरून जातंय’ असं सांगत आलेल्या बाईला आपल्या राज्यात गोळ्या मिळतात, टॉनिक मिळतं, सलाईन मिळतं, आणि एखाद्या दवाखान्यात थेट ऑपरेशनची तारीखही मिळते. तपासणी मात्र मिळेलच असं नाही. टेबलावर घेऊन, पडदा ओढून, दिवा लावून, स्पेक्युलम घालून गर्भाशयाचं तोंड डोळ्यांनी बघायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांसाठी हे पत्र लिहिते आहे.

मी मराठवाड्यात आधी उपकेंद्रावर आरोग्यसेविका आणि पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे. बाया अजूनही घरी येतात. डॉक्टरांपुढे जे तोंडातून निघत नाही ते सिस्टरपुढे निघतं. येताना प्लास्टिकच्या पिशवीत सगळे जुने कागद गुंडाळून आणतात, आणि मी ते तारखेप्रमाणे लावून वाचते. अशाच एका बाईचे कागद तुमच्यासमोर ठेवते.

शेतमजूर बाई, पन्नाशी ओलांडलेली, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. पहिल्या केसपेपरवर ‘व्हाइट डिस्चार्ज’ एवढंच लिहिलेलं आणि खाली हिरवं किट दिल्याची नोंद. पांढऱ्या पाण्यासाठी सरकारी दवाखान्यात मिळतं तेच ते किट. दीड महिन्यानं दुसरा केसपेपर, पुन्हा हिरवं किट. तिसऱ्या वेळी हिमोग्लोबिन आठ निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या. मग खाजगी दवाखान्याची चिठ्ठी: रक्त थांबायच्या गोळ्या, दोन सलाईन, ‘विश्रांती घ्या’. मग दुसऱ्या खाजगी दवाखान्याची, तिच्यावर कॅल्शियम आणि एक सिरप. असे आठ महिने. त्यातल्या एकाही कागदावर ‘पी/एस’ ही दोन अक्षरं नव्हती. डॉक्टर मंडळींना ती सांगायला नकोत. स्पेक्युलम घालून पाहिलं की केसपेपरवर पी/एस लिहून पुढे काय दिसलं ते लिहायचं, हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षात शिकवलेलं असतं.

तिच्या पिशवीतले सगळे कागद मी दोनदा उलटून पाहिले. आठ महिन्यांत तिला सात-आठ वेळा औषध मिळालं होतं. आत कोणीच पाहिलं नव्हतं.

पुढे जिल्ह्याच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीनं तिला टेबलावर घेतलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडावरची गाठ समोरच दिसली. तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात पोचला होता, एका मूत्रपिंडाला सूज आली होती. जी गाठ त्या मुलीला पाच मिनिटांत दिसली, ती आठ महिन्यांपूर्वी लहान असती. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात सापडला आणि उपचार पूर्ण झाले तर शंभरातल्या ऐंशीपेक्षा जास्त बायका पाच वर्षांच्या पुढे जातात. तिसऱ्या टप्प्यात हा हिशेब निम्म्याच्या आसपास येतो. तिच्या वाट्याचा हा फरक तिनं दुखणं लपवल्यामुळे पडला, असं कृपा करून कोणी म्हणू नका. ती सांगत होती. कागद साक्षीला आहेत.

‘आपल्या बाया उशिरा येतात’ हे वाक्य मी प्रत्येक कार्यशाळेत ऐकलं आहे. काही बाया खरंच उशिरा येतात. पण वेळेवर आलेल्या बाईला तीन ठिकाणी न तपासता परत पाठवलं की तीही सरकारी आकडेवारीत उशिरा आलेली म्हणूनच मोजली जाते. ती पहिल्यांदा कुठे, कधी गेली होती याची नोंद कोणी ठेवत नाही.

हे आजचं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका शंभरात आठदेखील नव्हत्या. खेड्यातल्या बायका तपासून घेत नाहीत, असं तोवर सगळे धरून चालले होते. त्या दोन गावांत बायकांनी तपासून घेतलं, कारण तपासणारी बाई त्यांच्या गावात आली होती आणि त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलत होती.

दुसरं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातलं. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय आहे, आणि तिथेच १९८७ साली देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरायचे. नुसते आकडे गोळा करून परत यायचे नाहीत. लोकांना एकत्र बसवून कोणती लक्षणं धोक्याची ते सांगायचे आणि लक्षण असलेल्या बाईला तपासणीला पाठवायचे. त्या कामात मोठी यंत्रं नव्हती, घरोघरच्या चाचण्याही नव्हत्या. तरी काही वर्षांत गर्भाशयाच्या तोंडाचे कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं, आणि ते १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. बाईला लक्षण सांगा आणि ती आली की तिला तपासा, एवढ्यानं फरक पडतो हे आपल्याच मातीत सिद्ध होऊन तीस वर्षं झाली.

आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. त्याचं तर मला राहून राहून वाईट वाटतं. १९९९ पासून तिथल्या गावांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका एका मोठ्या अभ्यासात होत्या. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी एकदाच केली, एका गटाची पॅप म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी केली, एका गटाची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी केली आणि एका गटाला नेहमीची सेवा ठेवली. आठ वर्षांनी पाहिलं तर एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या होत्या आणि नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. २००९ साली हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले, आणि जगभरच्या तज्ज्ञांनी ते अभ्यासले. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते. स्वतःचा नमुना बाईनं स्वतः घेतला तरी चालतो, असंही ती सांगते. जगाला हे ज्यांच्यामुळे कळलं त्या बायका याच जिल्ह्यात राहतात. त्यांच्या लेकीसुनांना ही चाचणी जवळच्या केंद्रात सहज मिळायला हवी, हे सांगायला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही.

मुंबईत टाटा रुग्णालयानं झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायकांवर केलेलं कामही तुम्हाला माहीत आहे. दर दोन वर्षांनी, साध्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ॲसिटिक ॲसिड लावून पाहणी केली, आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे माझ्यासारख्या बायकांच्या हातून हे होतं. पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, एक मिनिट थांबणं, चांगला उजेड आणि पांढरा डाग ओळखणारी नजर. केंद्र सरकारनं २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी अशी पाहणी करायची ठरलं. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं तेव्हा आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या बायका देशभरात दोन टक्केही भरल्या नाहीत. देशात वर्षाला सव्वा लाखांवर बायकांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या घरात बायका त्यानं जातात. कॅन्सरपूर्व बदल सुरू झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुतेकींच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षं जातात. एवढ्या वर्षांत एकदाही कोणी पाहत नाही.

इथे एक गोष्ट डॉक्टरांशी आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी स्पष्ट बोलायची आहे. मोहिमेतली पाहणी ही तक्रार नसलेल्या बाईसाठी आहे. जिला रक्त जातंय, घाण वास येणारं पाणी जातंय, तिला ‘गुरुवारी कॅम्प आहे, तेव्हा ये’ सांगू नका. तिला आज टेबलावर घ्या. गाठ किंवा जखम दिसली तर पॅपच्या रिपोर्टची वाट पाहत बसू नका, तुकडा काढण्यासाठी लगेच पाठवा. गाठीवर रक्त आणि सडलेल्या पेशी असल्या तर पॅप खोटी नॉर्मल येऊ शकते. ‘पॅप नॉर्मल’ या दोन शब्दांवर समाधान मानून घरी बसलेली बाई मी पाहिली आहे. पाळी गेलेल्या बाईत ॲसिटिक ॲसिडची पाहणीही भरवशाची राहत नाही, कारण ज्या भागात बदल होतो तो आत सरकलेला असतो. हे सगळं तुमच्या पुस्तकात आहे.

आणि आशाताई घरोघरी भरतात तो फॉर्म पुन्हा एकदा वाचा. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला त्यात विचारायचं असतं: दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, पाळी गेल्यावर रक्त गेलं का, संबंधानंतर रक्त जातं का, वास येणारं पाणी जातं का. प्रश्न अगदी नेमके आहेत, ज्यांनी काढले त्यांचं मी मनापासून कौतुक करते. पण ‘हो’वर खूण झाल्यानंतर त्या बाईचं काय झालं? किती जणींची पी/एस झाली, किती जणींची बायोप्सी, किती दिवसांत? फॉर्म किती भरले याची आकडेवारी दर महिन्याच्या बैठकीत मागितली जाते. ‘हो’ म्हणालेल्या बायकांची यादी कोणी मागितल्याचं मला आठवत नाही. आशाताईंना मात्र गावात रोज तोंड दाखवायचं असतं. ‘तुम्ही विचारलंत, मी सांगितलं, मग पुढे काय?’ हा प्रश्न त्यांनाच ऐकावा लागतो.

आता दुसरी बाजू. ही लिहिताना माझा हात जड होतो.

ज्या जिल्ह्यांत कॅन्सर असलेली बाई न तपासता परत जाते, त्याच जिल्ह्यांत कॅन्सर नसलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ सांगून तिची गर्भपिशवी काढली जाते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. उचल घेतलेली, दिवाळीनंतर कारखान्यावर जायचं ठरलेलं, तिथे कोयत्यातल्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीतल्या, एकानं जरी दिवस चुकवला तरी खाडा लागतो. फडात पाण्याची सोय नाही, आडोसा नाही, पाळीत त्रास होतो, पांढरं जातं. अशी बाई दवाखान्यात आली की डॉक्टर म्हणतो, पिशवी खराब झालीय, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. दोन लेकरं झालेली तिशीतली बाई घाबरते आणि ऑपरेशनला तयार होते. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं असतं आणि साध्या औषधानं बरं होतं, हे तिला कोणी सांगत नाही. मग तिशीतच हाडं दुखायला लागतात, अंगातून वाफा निघतात, आणि मुकादमाचं देणं तेवढंच राहतं.

या दोन अन्यायांचं मूळ एकच आहे. दोन्हीत बाईला आतून तपासलेलं नसतं. पाहिलं असतं तर पहिलीला पाठवलं असतं आणि दुसरीला पाठवायची गरजच पडली नसती.

एक तिसरा प्रकारही आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. गर्भाशयाचं तोंड न तपासता, पॅप किंवा बायोप्सी न करता पिशवी काढायची, आणि आत कॅन्सर निघायचा. असा कॅन्सर असेल तर साध्या ऑपरेशननं पिशवी काढणं हा बहुतेक वेळा पुरेसा उपचार नसतो. नंतरचं रेडिएशन अवघड होतं आणि बाईची बरं होण्याची संधी कमी होते. त्यातही कॅन्सर होता हे कळतं ते काढलेली पिशवी तपासायला गेली तरच. ऑपरेशननंतर नातेवाइकाच्या हातात फॉर्मॅलिनची बरणी देऊन ‘लॅबमध्ये द्या’ म्हणून सांगतात. लॅब तालुक्याला, खर्च वेगळा, नवरा ऑपरेशनच्या कर्जानं आधीच वाकलेला. अशी एक बरणी मी एका घराच्या माळ्यावर, बियाण्याच्या डब्याशेजारी, दोन वर्षं पडलेली पाहिली आहे. दवाखान्यानंच ती पाठवायची, त्याचा खर्च ऑपरेशनच्या खर्चातच धरायचा आणि रिपोर्ट बाईच्या हातात द्यायचा, असा नियम करायला मंत्रालयाला किती वेळ लागेल?

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दलच बोलत राहिले, कारण बायकांच्या जननमार्गाच्या कॅन्सरमध्ये तो आपल्याकडे सगळ्यात जास्त होतो आणि डोळ्यांनी दिसतो. पण बाकीचेही आहेत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ते ‘पाळी परत आली’ असं नसतं. आमच्याकडे शेजारणी त्याचं कौतुकही करतात, अजून तरुण आहेस म्हणतात. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहापैकी नऊ बायकांना आधी असं रक्त गेलेलं असतं. आणि असं रक्त गेलेल्या शंभर बायका घेतल्या तर त्यात नऊ-दहा जणींनाच कॅन्सर निघतो. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही, आणि दुर्लक्ष करायलाही जागा नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहायची, जास्त असली तर त्याचा नमुना घ्यायचा. वजन जास्त, साखर, रक्तदाब असलेल्या बायकांत हा धोका वाढतो, आणि अशा बाया शहरांत किती आहेत ते डॉक्टरांना रोज दिसतं. तरी ‘या वयात होतं असं’ हे उत्तर अजून ऐकू येतं. या वयात असं रक्त जाणं साधं नसतं. ते उत्तर दवाखान्यातून हद्दपार झालं पाहिजे.

अंडाशयाचा कॅन्सर तर पोटदुखीच्या वेषात येतो. पोट फुगतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, ओटीपोट दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं. हे सगळं गॅसमुळेही होतं, म्हणून पहिल्या खेपेला ॲसिडिटीची गोळी लिहिली तर मी डॉक्टरांना दोष देणार नाही. पण पूर्वी हा त्रास नव्हता, आता महिन्यातले निम्मे दिवस होतो, बाई पन्नाशीच्या पुढची आहे आणि दोन-तीन आठवड्यांत उतार नाही, तर पुढची चिठ्ठी सोनोग्राफीची आणि सीए-१२५ या रक्ततपासणीची हवी. पोटात पाणी झालं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो. टीबी खूप आहे, त्यामुळे ते स्वाभाविकच आहे, आणि सीए-१२५ टीबीतही वाढतं. म्हणूनच पोटातलं पाणी किंवा तुकडा न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू करू नका. सहा महिन्यांचा कोर्स संपत आला आणि पोट वाढतच राहिलं, अशी बाई मग कोणत्या टप्प्यात पोचते ते कॅन्सर रुग्णालयातल्या तुमच्या सहकाऱ्यांना विचारा. आणि जननेंद्रियाच्या बाहेरच्या भागाची खाज, न भरणारी जखम, पांढरा चट्टा: महिनोन्‌महिने मलम बदलत राहू नका, तिथलाही तुकडा काढावा लागतो.

डॉक्टरांच्या अडचणी मला माहीत आहेत. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर नोकरी केली आहे. ओपीडीत दीडशे माणसं, बाहेर गोंगाट, डॉक्टर पुरुष, सिस्टर लसीकरणाला गेलेली. तपासणीच्या टेबलावर लोहाच्या गोळ्यांची खोकी आणि रजिस्टरांची चळत. गुडघ्याएवढ्या उंचीचा पडदा. दिव्याला बल्ब नाही. स्पेक्युलम आहे, पण एकच, आणि तो सकाळी वापरून झालेला, पुन्हा निर्जंतुक व्हायला दुपार उजाडणार. अशा खोलीत डॉक्टर म्हणतात, ‘बाईच तपासू देत नाही.’ मी सांगते, दार मध्येच कोणी ढकलणार नाही याची खात्री दिली, जवळ एक बाईमाणूस उभं राहिलं, काय करणार ते आधी सांगितलं आणि धातूचं यंत्र कोमट पाण्यात धरून घातलं, की बाया तपासू देतात. विटाळात कसं, असं म्हणाल्या तर रक्त जात असतानाही पाहायचं असतं हे समजावून सांगता येतं. ज्या खेड्यातल्या डॉक्टरकडे टेबलच नाही, मग तो बीएएमएस असो की बीएचएमएस, त्यानं चिठ्ठीवर ‘स्त्रीरोग तपासणीसाठी’ लिहून त्याच दिवशी पुढे पाठवावं. ती चिठ्ठी टॉनिकपेक्षा फार मोठं औषध आहे.

हे पत्र बायाही वाचतील, म्हणून चार वाक्यं त्यांच्याशी.

मावशी, ताई, डॉक्टरांपुढे बसलात की ‘बरं वाटत नाही’, ‘कमजोरी आहे’ यांपासून सुरुवात करू नका. कमजोरी म्हटलं की टॉनिक येतं. पहिलं वाक्य रक्ताचं बोला: पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, आता लाल गेलंय. किंवा, मालकांशी संबंध आल्यावर रक्त जातं. लाज वाटत असेल तर घरूनच कागदावर लिहून न्या आणि तो कागद टेबलावर ठेवा. कोणत्या तारखेला गेलं ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. मग विचारा, ‘मला आतून तपासणार का?’ नाही म्हणाले तर विचारा, ‘का नाही, ते केसपेपरवर लिहून द्याल का?’ हे भांडण नाही, हा तुमचा हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर जवळ बाई हवी, हाही हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं, मागितल्यावर ७२ तासांत आपले कागद मिळणं, हेही हक्क आहेत. दोनदा औषध घेऊन उतार नाही तर तिसऱ्यांदा तेच औषध घेऊ नका. ‘सुई लावली, तुकडा काढला की पसरतो’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तुकड्याशिवाय कॅन्सर आहे की नाही ते कळत नाही आणि उपचारही सुरू होत नाही. आणि कोणी पिशवी काढायला सांगितली तर आधी विचारा, ‘कोणत्या तपासणीत काय निघालं? रिपोर्ट दाखवा.’ विधवा असाल, एकट्या असाल, तरी ही तपासणी तुमच्यासाठीही आहे. सोबत कोणी नसेल तर आशाताईला घेऊन जा.

हे सगळं बाईनं बोलावं असं मी सांगते खरं, पण ज्या बाईनं आयुष्यभर नवऱ्यापुढे, मुकादमापुढे, सासूपुढे मान खाली घातली आहे, तिनं डॉक्टरांपुढे एकदम ताठ बसावं ही अपेक्षा तिच्यावर लादणं मला पटत नाही. तिला मागावं लागता कामा नये. म्हणून परत तुमच्याकडे येते.

मुलींच्या एचपीव्ही लसीबद्दल आता सगळीकडे बोललं जातं, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं देशी लसही बनवली आहे. ती गावोगाव पोचावी. पण लस आजच्या दहा वर्षांच्या मुलीला वाचवेल. तिच्या आईला आणि आजीला तपासणीच वाचवेल. कॅन्सरवरचा उपचार महात्मा फुले योजनेत होतो, याबद्दल सरकारचे आभार. मात्र त्या योजनेच्या दारापर्यंत पोचवणारी पहिली सोनोग्राफी आणि पहिली बायोप्सी बाईच्या पदरच्या पैशानं होते तेव्हा बरीच कुटुंबं तिथेच थांबतात. ही पायरी मोफत करा. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेनं सर्व नोंदणीकृत डॉक्टरांना लिहावं की रक्तस्राव किंवा वास येणाऱ्या पाण्याची तक्रार असलेल्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर पी/एसची नोंद असलीच पाहिजे, केली नसेल तर कारणासह. पाळी गेल्यानंतर रक्त गेलेल्या बाईची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज असेल तर बायोप्सी दोन आठवड्यांच्या आत व्हावी, असं बंधन सरकारी रुग्णालयांवर घाला. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आणि कारण लेखी नसताना पिशवी काढणाऱ्या रुग्णालयाची चौकशी करा, आणि ती फक्त बीडपुरती ठेवू नका.

आणि एक यादी जाहीर करा. राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचं रिकामं टेबल, पूर्ण उंचीचा पडदा, चालणारा दिवा, पुरेसे स्पेक्युलम आणि तपासणीच्या वेळी हजर राहणारी स्त्री कर्मचारी आहे की नाही, याची जिल्हावार, केंद्राच्या नावासकट. पुढच्या अधिवेशनात ती सभागृहासमोर ठेवा. जिथे नाही तिथे कधी होणार ती तारीख समोर लिहा. मराठवाड्यातल्या माझ्यासारख्या बऱ्याच निवृत्त सहायिकांशी मी बोलले आहे. खोली मांडून द्यायला, नव्या सिस्टरांना स्पेक्युलम धरायला आणि बाईशी बोलायला शिकवायला आम्ही यायला तयार आहोत. मानधन नको, एसटीचा पासही आमच्याकडे आहे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना फक्त तारीख कळवायला सांगा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
मराठवाडा